ओळखीचा आवाज

‘समोरच्या सर्व्हरने तुमची ओळख नाकारली आहे.’

स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ आली. सुधन्वा परचुरेने खुर्ची मागे सरकवली आणि काचेपलीकडच्या खोलीत पाहिलं. काळ्या पडद्यासमोर हेमलता बसली होती. मांडीवर बाळ होतं. नवं झबलं, गालाला काजळाची तीट. तिचा नवरा पृथ्वीराज मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. बाळ झालं तेव्हा तो समुद्रात होता. त्याने ते अजून पाहिलंच नव्हतं. आज जहाज परदेशातल्या एका बंदराला लागलं होतं आणि संध्याकाळी सुटणार होतं. बंदर सोडलं की चित्र दिसायची सोय नव्हती.

जहाज कंपनीने खलाशांच्या घरच्यांसाठी नोएडाच्या ऑफिसात ही व्हिडिओ कॉलची खोली करून दिली होती. जहाजावरचं चित्र आधी मुंबईच्या सर्व्हरवर यायचं, तिथून नोएडाला. आता नोएडाचं जुनं मशीन बंद पडलं आणि सुधन्वाने त्या जागी नवं बसवलं. नव्या मशीनचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तेही नवं. मुंबईच्या सर्व्हरने ते कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो दार उघडत नव्हता.

दिवाळीतल्या पाडव्याचा दिवस होता. सेक्टरमधल्या नव्या काचेच्या इमारती ओस पडल्या होत्या. सणाच्या दिवशी ऑफिसात बोलावलं की सुधन्वाला बरंच वाटायचं. घरी थांबलं की शेजारी मिठाईचा डबा घेऊन यायचे आणि त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, “फॅमिली कहाँ है?”

“दादा, आज बिल्कुल लागणारच नाही का?” हेमलता दारात येऊन उभी होती. “दिल्ली कॅन्टोन्मेंटहून बस बदलत बदलत आलेय मी. बाबांना ड्यूटी होती, नाहीतर तेच घेऊन आले असते.”

“लागेल. बसा तुम्ही,” तो म्हणाला आणि त्याने मुंबईला फोन लावला.

सुट्टीच्या ड्यूटीवर भक्ती नावाची नुकतीच लागलेली मुलगी होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“नवीन सर्टिफिकेट मी इथे चढवू शकते, सर. तुम्ही त्याचा नंबर वाचा, मी ताडून बघते. पण तुम्ही सुधन्वा सरच बोलताय हे मला कसं कळणार? मी तुमचा आवाज कधी ऐकलेला नाही.”

“आमच्या साहेबांना विचारा.”

“मघाशीच दुसऱ्या कामासाठी फोन लावला होता त्यांना. विमानात आहेत. फोन बंद.”

“मग तासभर तपासणीच बंद ठेवा.”

“मधे कुणीही शिरेल, सर. घरच्यांचं बोलणं ऐकत बसेल. ते मी नाही करणार.”

तिच्या खुर्चीत तो असता तर त्यानेही हेच उत्तर दिलं असतं.

“इथे मुंबईत तुमचा आवाज ओळखणारं कुणी आहे का?” भक्तीने विचारलं. “मलाही माहीत असलेलं?”

एक जण होतं.

अलकनंदा त्याच मुंबई ऑफिसात खलाशांच्या नेमणुका बघायची. ती सुधन्वाची बायको होती. नोएडाची बदली त्याने स्वतः मागून घेतली होती, वरच्या पदासाठी. तिला मात्र सांगितलं होतं की कंपनी पाठवतेय, नाही म्हणायची सोय नाही. नाइलाज आहे म्हटलं की ती बरोबर येईल, असा त्याचा हिशेब होता. खरं काय ते तिला ऑफिसातच कुणाकडून तरी कळलं. ती भांडली नाही. आलीही नाही. पुढे वकिलांकडून घटस्फोटाचे कागद आले, सह्या झाल्या. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

काचेपलीकडे बाळ रडायला लागलं.

“अलकनंदा मॅडम,” सुधन्वा म्हणाला. “त्यांना विचारा.”

भक्तीने अलकनंदाच्या घरी फोन लावला आणि तिघांची लाइन जोडली. तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. भक्ती समजावत होती, “मॅडम, फक्त आवाज ओळखायचाय. सर आता दोन वाक्यं बोलतील...”

सुधन्वाने घसा खाकरला.

“तोच आहे,” अलकनंदा म्हणाली.

“नक्की ना, मॅडम? अजून ते काही बोललेच नाहीत.”

“नक्की. नंबर उतरवून घे. तिकडे कुणाची तरी बायको ताटकळत असेल.”

त्याने नंबर वाचायला घेतला. अक्षरं आणि आकडे, लांबलचक ओळ. मधे एकदा तो अडखळला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“जुळला, सर! चढवते मी. लाइनवर थांबा,” असं म्हणत भक्ती उठून गेली.

थोड्या वेळाने काचेपलीकडचा पडदा उजळला. तेलकट डांगरीतला एक तरुण पडद्यावर दिसला आणि पुढे वाकला. हेमलताने बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं. ती काहीतरी बोलत होती, काचेतून ऐकू येत नव्हतं. तो तरुण एक बोट पुढे करून पडद्याला लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

सुधन्वाच्या कानाशी फोन तसाच होता. पलीकडे भांड्यांचा बारीक आवाज येत होता. तिने फोन ठेवला नव्हता.

“चित्र आलं,” तो म्हणाला. “बाप पहिल्यांदा बघतोय पोराला.”

“बरं झालं.”

“अलका, इतकं सगळं होऊनही तू आज माझ्यावर विश्वास ठेवलास...”

“तू कोण आहेस, एवढंच विचारलं होतं तिने,” अलकनंदा म्हणाली. “कसा आहेस, ते नव्हतं विचारलं.”