तळ्याचा आकडा

"टोपण काढायला विसरू नका," नावाडी म्हणाला. "आधीचे साहेब टोपणासकट सोडून बसले होते. यंत्र आपलं टोपणातलंच पाणी मोजतंय."

पाणीसाहेब हसला नाही. गावाच्या नळांना येणारं तळ्याचं पाणी तपासणारा म्हणून सगळे त्याला पाणीसाहेबच म्हणत. त्याने प्रोबचं, म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोजणाऱ्या कांडीचं, टोपण काढलं, टोक पुसलं, साखळीला वजन बांधलं आणि तरंगत्या पिंपाखाली प्रोब हळूच सोडला. मग मांडीवरच्या पडद्यावर आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसला.

"किती?"

"सात. पाणी ठीक आहे. कारखान्याचं ॲसिड असतं तर आकडा पाचाच्या खाली गेला असता."

"बरं झालं बुवा." नावाड्याचा जावई त्याच कारखान्यात होता.

पाणीसाहेबाला मात्र सात नको होता. घरी बायको याच आकड्याकडे डोळे लावून बसली होती. महिन्यापूर्वी उलट्या-जुलाबांनी लेक हातची गेली. पाण्यातून काहीतरी गेलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बायकोने एकच धोशा लावला होता: मी पाणी उकळलं नाही, मीच पोरीला मारलं. त्या आठवड्यात ती स्वतः तापाने फणफणली होती, उठायचंही त्राण नव्हतं. पण ऐकेल तर शपथ. अन्नावरची वासना उडून तिचा नुसता सापळा झाला होता.

"कारखान्याचं ॲसिड निघालं," तिने विचारलं होतं, "तर उकळून काही फरक पडला असता का हो?"

"ॲसिड उकळून जात नाही," तो म्हणाला होता. तेवढ्यापुरता तिच्या चेहऱ्यात जीव आला होता.

"पुन्हा घेऊ," तो नावाड्याला म्हणाला आणि त्याने प्रोब वर ओढला.

प्रोबला आधी शिकवावं लागतं. आकडा आधीच माहीत असलेलं बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायचं, प्रोब बुडवायचा आणि सांगायचं, हे इतकं. यंत्र बिचारं सांगाल ते खरं मानतं आणि पुढचं सगळं त्यावरून मोजतं. त्याने साताचं पाणी ओतलं आणि साडेचार सांगितलं. यंत्राने कुरकुर केली, खात्री आहे का म्हणून विचारलं. त्याने 'हो' दाबलं.

प्रोब पुन्हा तळ्यात गेला. साडेचार.

 परतताना नावाड्याचं वल्हं जड पडत होतं.

आठवड्याभरात कारखान्याला टाळं लागलं. मालकाने दुसरीकडून तपासणी मागवल्याचं कानावर आलं. म्हणजे आज ना उद्या प्रकरण अंगाशी येणार, नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. धक्क्यावर नावाडी भेटला.

"जावई घरी बसलाय," तो म्हणाला. "पण साहेब, तुमची पोर गेली. त्यापुढे आम्ही काय बोलणार?"

पाणीसाहेबाला त्याच्याकडे मान वर करून बघवेना. स्वतःची किळस आली. तो तडक घरी गेला.

"ॲसिडच होतं," त्याने बायकोला सांगितलं. "टाळं लागलं कारखान्याला."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः मोजलं."

ती खूप रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि दोन ताटं वाढली. महिन्याभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली. पाप तर पाप, त्याला वाटलं, ही तरी वाचली.

जेवून झाल्यावर तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आता एक सांगते. रागावू नका."

"बोल ना."

"मी तापात होते, तेव्हा भांड्यातलं उकळलेलं पाणी संपलं होतं. तुम्ही घाईत त्या भांड्यात नळाचं तसंच ओतलंत आणि तिला पेला भरून दिलात. मी बघत होते, पण ग्लानीत आवाजच फुटेना. तुमच्या ध्यानातही राहिलं नाही. म्हटलं, यांना कळलं तर हे जगायचे नाहीत. म्हणून सगळ्यांना सांगत सुटले, मीच उकळलं नाही." तिने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी ती हसली. "पण आता कळलं ना. तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं."