सारखाच बांध

"दोन्ही सारख्याच, बाई!" चौथीचा सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि मागच्या बाकावर बसलेल्या गुणवंतराव हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

फळ्यावर सुरय्यानं धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांधानं वेढलेले शेताचे तुकडे, काढल्या होत्या. एक लांबट, पट्टीसारखी, दुसरी चौकोनी. भोवतालचा बांध मोजला तर दोन्हींचा अगदी सारखा भरायचा. त्यातली मोठी बांधी कोणती, एवढंच तिनं विचारलं होतं. आणि आत्ता आत्तापर्यंत हीच पोरं "लांबी गुणिले रुंदी" असं घडाघडा म्हणत होती!

सुरय्या ब्रह्मपुरीच्या नवाबभाई घड्याळवाल्यांची मुलगी. डी.एड.चं शेवटचं वर्ष, आणि आजचा हा परीक्षेचा पाठ. तो पडला की वर्ष गेलं, जूनमधली शिक्षकभरतीही गेली. सरावाला ती याच शाळेत यायची. तिच्या वर्गातून पोरं उठायला मागत नाहीत हे गुणवंतरावांनी पाहिलं होतं, आणि पोरगी पास व्हावी म्हणून सकाळपासून त्यांचाच जीव खालीवर होत होता.

परीक्षक कमळाबाई वरोऱ्याहून आल्या होत्या. बाई सरळ, पण नियमाच्या पक्क्या. मांडीवर सुरय्याचं पाठाचं टाचण. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन. एकेक पायरी पार पडली की त्या शेजारी बरोबरची खूण करत होत्या. विवेचनापुढे पेन टेकलंच होतं.

गुणवंतरावांना वाटलं, पोरीनं आता उत्तर सांगून टाकावं आणि पुढं सरकावं. वेळ थोडा असला की सगळे तेच करतात.

सुरय्यानं खडू ठेवला आणि क्षेत्रफळ शिकवायला आणलेला रंगीत फरश्यांचा तक्ता गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. तक्ता देखणा होता, पण त्या गावात एकाच्याही घरात फरशी नव्हती.

"चला रे, बाहेर चला. रोवणी करू."

"हे टाचणात नाही," कमळाबाई म्हणाल्या.

"नाही, मॅडम," सुरय्या म्हणाली. "पण पोरांना कळलं नाही."

कमळाबाई आणि गुणवंतराव बाहेर पायरीवर येऊन बसले. अंगणात सुरय्यानं विहिरीच्या दोराची टोकं एकमेकांना बांधली, तो चार पोरांना चार कोपऱ्यांत धरायला लावला आणि लांबट बांधी ओढून घेतली. मोजणीसाठी आणलेले चिंचोके हेच पऱ्हे, धानाची रोपं. पोरं कंबरेत वाकली आणि रोवणीला आया करतात तशी मागं मागं सरकत एकेक चिंचोका मातीत खोचू लागली. बांधी भरली. मग तेच चिंचोके उपटून घेतले आणि त्याच दोराची चौकोनी बांधी झाली. पुन्हा वाकणं, पुन्हा मागं सरकणं.

अर्ध्यावरच ओरडा झाला. "बाई, पऱ्हे पुरून नाई राह्यले!"

"दोर तं तेवढाच हाय बे!" आदेश नावाचा पोरगा म्हणाला.

"मंग इतली जागा कुठून आली?"

आता एकमेकांत अशी जुंपली की विचारू नका. कोणी दोर तपासतोय, कोणी चिंचोके चोरल्याचा आळ घेतोय, कोणी खडे आणायला पळतोय. सुरय्या मात्र हात मागे बांधून गप्प. उत्तर ओठांवर असताना गप्प बसणं मास्तराला किती जड जातं हे गुणवंतरावांइतकं कोणाला ठाऊक! त्यांना त्या पोरीचा मनापासून अभिमान वाटला. आदेशनंच शेवटी बोट दाखवलं, "लंबी बांधी पोटात चपटी हाय ना बे! बांध सारखा असून काय होते?"

तेवढ्यात घंटा झाली. पोरं खिचडीकडे धावली.

कमळाबाई उठल्या. "मेहनत दिसली हो तुझी. पण पाठ अपुरा राहिला. संकलन नाही, उपयोजन नाही. शिकलेलं मूल स्वतःच्या जगण्यात वापरतं, त्याला उपयोजन म्हणतात. ते मला दिसलं नाही, तर मी गुण कशाचे देऊ?"

सुरय्याचा चेहरा उतरला. कमळाबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

दोराजवळ एक पोरगी अजून उकिडवी बसली होती. चंचल. जेवायला गेली नव्हती. ती उठून सुरय्याजवळ आली.

"बाई, आमच्या आज्यानं बांधावरून पावलं मोजून दोघा भावायले, बाबाले अन् मोठ्या बाबाले, वाटणी करून देल्ली. मोठ्या बाबाची बांधी अशी," तिनं चौकोनाकडे बोट केलं. मग दोर धरून तो लांबट ओढला. "आमची अशी. पावलं सारखीच भरली म्हणून सारे राजी होते."

"बरं, मग?"

"आमच्या बांधीत दरसाल धान कमीच होते. बाबा मातीले शिव्या देते. म्हणते, हलकी माती आली आपल्या नशिबी." तिनं पायानं मातीवर एक रेघ ओढली. "बाबाले इथी आणून दाखवू का, बाई?"

कमळाबाई पुन्हा खाली टेकल्या, टाचण उघडलं आणि उपयोजनापुढे ठसठशीत खूण केली. गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

चंचलला त्या खुणेचं काय! तिनं सुरय्याची ओढणी ओढली.

"म्हणजे मातीचं काई चुकलं नाई ना, बाई?"