टाकीतलं तण

वर्षालीने तिसऱ्यांदा मोजलं, तरी छत्तीसच आले. मागच्या रविवारी पाच होते. त्या पाचांभोवती तिने टाकीच्या काचेवर लाल मार्करने गोल केले होते, कंपनीत खराब पार्टवर करते तसे. आज चुन्याची पूड आली. ती पाण्यात दाट कालवून तिने सिरिंज भरली आणि कामाला बसली, तर गोल जागच्या जागी आणि गोलांत काहीच नाही. बाकीच्या दगडांवर मात्र जिथेतिथे तपकिरी, केसाळ ॲनिमोन उगवले होते. नखाएवढा जीव, पण भारी नाठाळ. शेजारच्या कोरलला डंख मारमारून सुकवून टाकतो.

निघोज्यातल्या त्या फ्लॅटमध्ये ही खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे वर्षालीचा जीव की प्राण. पहिली शिफ्ट संपवून घरी आली की आधी टाकी, मग चहा. हा आठवडा मात्र ओव्हरटाइममध्ये गेला होता, टाकीकडे नीट बघणंही झालं नव्हतं.

"माझीच चूक," ती म्हणाली. "खुणा करून ठेवल्या आणि आठवडाभर हात लावला नाही. आता हे आवरायचं नाही. कोरल चिंचवडच्या विजयश्रीला देऊन टाकते, तिच्याकडेही अशी टाकी आहे, आणि रविवारी टाकी मोडते."

हे ती सासूबाईंना सांगत होती. गोजाबाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. सोफ्यावर पाठ टेकून बसणं त्यांना सत्तरीतही जमलेलं नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

सांगावं की नको? या घरात त्यांनी कशाला हात लावला की कोणीतरी म्हणायचंच, "राहू द्या." वॉशिंग मशीन? राहू द्या. मिक्सर? राहू द्या. म्हणणारे प्रेमानेच म्हणायचे, पण गोजाबाईंना ते फार लागायचं. आता खरं सांगितलं तर उरलेसुरले हातही बांधले जाणार. आणि गप्प बसावं, तर पोरगी टाकी मोडणार.

वर्षालीने विजयश्रीला लावायला फोन उचलला.

"त्ये पाच म्या काडलं," गोजाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मंगळवारी. तू कामाला गेल्यावं. तू गोल करून ठिवलं व्हतंस न्हवं? म्हनलं, ह्येच तण. खुरपं घेतलं आन् मुळासकट काडलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "धुतलं व्हतं खुरपं."

वर्षालीने डोळे मिटले. "आई, त्याचा कण जरी पाण्यात राहिला ना, तरी त्या कणाचं नवीन उगवतं. म्हणून तर एकेकाच्या तोंडात सिरिंजने चुना भरायचा असतो."

"म्हंजी लव्हाळा," गोजाबाई म्हणाल्या. "मंग आदी सांगायचं की! खुरपून लव्हाळा हटलाय का कदी?"

वर्षालीला हसूही येत होतं आणि रडूही. "पण केलंत कशाला?"

"तू रोज माझ्या गुडघ्याला तेल लावतीस. म्या तुझं काय करते? सावड नको का फेडाया?"

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. गोजाबाईंचं रान कंपन्यांच्या शेडखाली जाऊन वर्षं लोटली होती, पण कोणाचं केलेलं अंगावर ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"मला वाटायचं, तुम्हाला ही टाकी आवडत नाही."

"न्हाईच आवडत. दिसभर लाइट जळतीया, आन् खान्याजोगा येक मासा न्हाई तिच्यात." गोजाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पर रान तुझं हाय. माझ्या आवडीचा काय संबंद? जाऊ दे. आता न्हाई लावत हात."

वर्षालीने त्या हातांकडे पाहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. "राहू द्या" म्हणणाऱ्यांत तीही होतीच.

मग तिने फोन ठेवला. आतून दुसरी सिरिंज आणली, चुन्याने भरली आणि टाकीच्या डाव्या अंगाला आणखी एक स्टूल मांडलं. हे काही एका दिवसाचं काम नव्हतं. चुना एकदम फार झाला की पाणी बिघडतं, मासे दगावतात. रोज थोडे थोडे करत आठ-दहा दिवस तरी जाणार होते.

परभणीला माहेरच्या शेतात खुरपणीला बायका रांगेने बसायच्या. एकेकीच्या वाट्याला पिकाची एकेक पात यायची आणि वर्षालीची आई बांधावरून सगळ्यांना कामाला लावायची. वर्षालीने तोच आवाज काढला.

"डावीकडची पात तुमची, आई. मागं पडलात तर बोलणी खाल."