बाभळीचा दोर

“भिऊ नको गं, दोर बाभळीला बांधलाय!” दुष्काळातल्या विहिरीच्या काठावरून सासूनं दिलेली हाक छायाच्या कानात अजून होती. घरातली सगळ्यांत हलकी बाई दोरानं खाली सोडायची, तिनं तळातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं, अशी रीत. छाया नवी नवरी होती. ‘स्वतःच्या लेकीला नाय उतरवलं, मला झाडाला टांगलं,’ ही अढी तिनं जन्मभर जपली. यंदा आभाळ फाटल्यागत बरसलं. नुसतं वाकलं की विहिरीत कळशी बुडायची. द्राक्षबागेत सासू घसरली आणि छाया तिला पहिल्यांदाच न्हाऊ घालू लागली. “हळू चोळ की, तवा घासतीस का?” सासू करवादली. छायाचा हात थबकला. सासूच्या कमरेभोवती दोराएवढा जुना व्रण होता. “आत्याबाई, हे कशाचं?” म्हातारी अखेर बोलली, “पाणी लय खोल गेलं व्हतं. दोर बाभळीपर्यंत पुरतच नव्हता, बाय.”