चालु

ज्वारी बरणीच्या तोंडाशी आली तरी सोजरचा हात थांबेना.

"चालु," सुगुणा टीचर म्हणाली. "चालु, सोजर, चालु!"

सोजरनं आणखी एक वाटी ओतली. दाणे बरणीवरून ओघळले, चटईभर पसरले. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या राहीबाईचा ऊर भरून आला. बाई सांगतेय आणि आपली पोर करतेय! गावच्या शाळेत हिला वर्षभर नुसतं दाराशी बसवून ठेवलं होतं.

वर्ग तसा गमतीचाच होता. जितकी पोरं तितके धडे. एक पोरगा शर्टाच्या गुंड्या लावी आणि पुन्हा काढी, एक पोरगी टॉवेलच्या घड्या घाली. कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं आणि त्यावरून कुणी कुणाला हसतही नव्हतं. सोजरच्या बरणीला अर्ध्यावर लाल दोरा बांधला होता. दोऱ्यापर्यंत भरायचं आणि सांगितलं की थांबायचं, एवढाच तिचा धडा. पण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. तेलुगु मुलखातल्या मंचेरियलच्या या शाळेमागून रेल्वेचे रूळ जात. मधे भिंत नव्हती. सांगितल्यावर न थांबणारं मूल इथं ठेवून घेत नसत. ठेवलं नाही तर परत घर. घरी सगळे कापूस वेचायला निघाले की सोजरला लुगड्यानं खांबाला बांधून जावं लागे. येताना ते लुगडं राहीबाईनं मुद्दाम चुलीत घातलं होतं.

टीचरनं शेवटी सोजरचा हात धरला. तशी सोजर किंचाळली, वाटी भिरकावली आणि स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावली. आईनं वर्गात यायचं नाही हा नियम विसरून राहीबाई आत धावली.

"नहीं सुनती, अम्मा," टीचर दमून म्हणाली. तिचं हिंदी तोडकंमोडकं, राहीबाईचं त्याहून. "मैं बोली, बोली, बोली. वो डालतीच गई."

"मंग पोरगी टाकीनच ना! तुमीच तं चालू चालू म्हनून राह्यल्या."

"हां. चालु. बस हो गया, मत डालो. चालु!"

राहीबाईला घोळ आत्ता कळला. मग जात्याचा खुंटा धरावा तशी तिनं मूठ वळली आणि हवेत गरगर फिरवली. "आमच्यात चालू म्हंजे असं. थांबूच नको. करतच ऱ्हाय."

टीचरनं सांडलेल्या ज्वारीकडे पाहिलं, मग सोजरकडे.

"मतलब," ती सावकाश म्हणाली, "सुनती है."

राहीबाई हेच तर सांगत आली होती. नवऱ्याला, सासूला, शाळेतल्या मास्तरला. पोरीला ऐकू येतं, समजतंही. आईची माया, दुसरं काय, असं म्हणून जो तो सोडून देई. आज ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं आणि ती त्या सांडलेल्या दाण्यांतच बसून रडली. सोजर आईकडे न बघता एकेक दाणा वेचत राहिली.

"तुम्हारे में क्या बोलते?" टीचरनं विचारलं. "मैं वही बोलूँगी."

'थांब' हा शब्द राहीबाईच्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आयाची हाक ऐकू आली, तेलुगुत. स्वयंपाकीण त्याच भाषेत काहीतरी ओरडली. मागच्या रुळांवरून कोळशाची मालगाडी धडधडत गेली आणि खिडकीचे गज हलले.

"नको," राहीबाई म्हणाली. "इथं समद्या बाया तेलुगुच बोलून राह्यल्या. येळ आली तं कोनीबी हाक मारीन. तिले चालुच शिकवा."

टीचरनं बरणीच्या तोंडावर तळवा ठेवला. "चालु." मग सोजरचा तळवा धरून त्यावर ठेवला. "चालु."

शाळेची रीत अशी की आईनं आठवडाभर व्हरांड्यात राहायचं आणि मग निघायचं. राहीबाई राहिली. दिवसभर तो एकच शब्द कानावर पडे आणि दर वेळी ती मनात दचके. तिच्याशी मराठीत बोलणारं तिथं कुणी नव्हतं. सोजर तर मुळातच बोलत नसे.

शनिवारी निघण्याआधी तिनं स्वयंपाकिणीकडून वरणभाताचं ताट मागून घेतलं. पोरीला आज माझ्या हातानं भरवते, असं तिनं खुणेनंच सांगितलं. सोजरला भूक कळे, पण पोट भरल्याचं कधी कळत नसे. ताटात असेल तेवढं ती खाई आणि मग ओकून टाकी. कुठल्या घासाला थांबायचं ते तिच्या डोळ्यांकडे बघून राहीबाईला समजे. ते दुसऱ्या कुणालाही समजत नसे, आणि आता मागं हे कोण बघणार, या एकाच काळजीनं तिला आठवडाभर झोप नव्हती.

अजून दोन घास जातील असा तिचा अंदाज होता. तिनं पुढचा घास उचलला, तर सोजरनं ताटावर तळवा ठेवला.

"चालु."

राहीबाईचा हात तसाच राहिला. पोर बोलली याचा आनंद झाला, खूप झाला. पण तो शब्द आपल्या बोलीतला नव्हता. क्षणभर वाटलं, हे आपल्यातलंच चालू असेल.

"चालू ना वं माय?" तिनं विचारलं आणि घास पुन्हा पुढं केला.

सोजरनं ताटावरचा तळवा उचलला आणि बरणीच्या तोंडावर ठेवावा तसा आईच्या हातावर ठेवला.