चौथ्या मजल्यावरून

“अजून एक पिशवी चढवा,” रंगाऱ्याची बायको म्हणाली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सगळी वस्ती शिट्टीताई म्हणायची. त्यांनी गळ्यातली शिट्टी बाजूला सारली आणि वाळूची आणखी एक पिशवी तिच्या पाठीवर बांधली. बंद पडलेल्या गोदामात हा वर्ग सुरू झाल्यापासून त्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या बायका पाहिल्या होत्या. कुणी पोट कमी करायला येई, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी नुसतीच घरातून तासभर सुटका म्हणून. फी दोन कप चहाइतकी, त्यामुळे कुणाचा नवरा कुरकुरत नसे. पण पाठीवर ओझं घेऊन जिना उतरायला शिकवा म्हणणारी ही पहिलीच.

“गुडघे वाकव, कंबर नको. हं. श्वास सोड.”

ती गोदामाचा जिना उतरली, चढली, पुन्हा उतरली. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

वर्ग आता वाढत चालला होता. पलीकडच्या गल्ल्यांतही संध्याकाळचे वर्ग निघाले होते, आणि येत्या रविवारी खुर्चीचा वर्ग सुरू होणार होता. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांनी बसून करायचे व्यायाम. डॉक्टर येऊन एकेकाचे पाय तपासणार आणि मगच नाव घेणार. जागा मोजक्या. ज्याचं त्याने गोदामात यायचं, एवढीच अट.

अट एवढीशीच, पण तिचा नवरा चौथ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. रंग देताना परांचीवरून पडला तेव्हापासून तो पलंगावरच. हाडं जुळली, पण पाय काही उठले नाहीत. अजूनही परांचीचं नाव काढलं की त्याला दरदरून घाम फुटे. ती सकाळी खोकी भरायच्या कारखान्यात जाई, दुपारी ऑफिसांच्या फरश्या पुसायला. घरी आली की त्याचं सगळं करायचं.

“चार माणसं पाठवते, उचलून आणतील,” असं शिट्टीताई आधी म्हणाल्या होत्या.

रंगाऱ्याला तिने ते सांगितलं तर तो हसला. “चौघांच्या खांद्यावरून? अजून मेलो नाही मी.” मग तिच्या बारीक दंडांकडे बघत म्हणाला, “तू एकटीने नेलंस तर येतो. शब्द आहे माझा.”

त्याने थट्टा केली होती. तिने शब्द धरून ठेवला.

“पडून पडून त्यांच्या पायांच्या काड्या झाल्या असतील,” आता पिशव्या सोडताना शिट्टीताई म्हणाल्या. “तुला वाटतं तेवढं वजन भरायचं नाही.”

“काड्या?” तिला रागच आला. “रोज रात्री तेल चोळते मी. पोटऱ्या बघा आमच्या ह्यांच्या, कशा भरल्यात.”

“तुझ्या हाताला गुण आहे गं बाई,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. तीही हसली.

घरी मात्र रविवार जवळ आला तसा रंगारी बिथरला. ताटातलं तसंच टाकू लागला.

“वेड लागलंय तुला. जिन्यावरून पडलीस म्हणजे?”

“नाही पडत.”

“आणि तो डॉक्टर काय दिवे लावणार आहे?”

“पाय तर बघेल. तुम्हाला उभं राहिलेलं बघायचंय मला. दुसरं काही मागत नाही मी तुमच्याकडे.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिला त्याची दया आली. एकदा आशा लावायची आणि पुन्हा तोंडघशी पडायचं, याला माणूस भिणारच. नवऱ्याचं मन बायकोला कळणार नाही तर कुणाला?

रविवारी तिने त्याला पाठीवर घेतलं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. तो वाळूच्या सगळ्या पिशव्यांपेक्षा जड होता. तिने दात आवळले, गुडघे वाकवले, एक पायरी उतरली. मग दुसरी.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. “अगं सावकाश. आणि ते उंदरांचं बघ एकदा. दुपारी तू नसतेस तेव्हा वर नुसती खुडबुड चालते.”

“सापळा लावलाय, काकू,” ती धापा टाकत म्हणाली. “पण एक सापडेल तर शपथ.”

तिच्या गळ्याभोवतीचे हात आवळले गेले. “परत फिर,” रंगारी कानाशी म्हणाला. “हात जोडतो, परत फिर.”

“भिऊ नका. मी आहे ना.”

दुसरा मजला गेला. तिच्या मांड्या लटलटू लागल्या. खालून शिट्टीताईंचा आवाज आला, “शाबास गं वाघिणी. एकच मजला राहिला. डॉक्टर आलेत.”

पहिल्या मजल्यावर तिने त्याला अलगद उतरवलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. “घटकाभर दम घेते. हात टेका, सरकू नका.”

ती झटकन उभी राहिली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. टाच पायरीच्या कडेवरून सुटली. धरायला काहीच नव्हतं. आपलं जाऊ दे, ह्यांना कोण बघणार, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात दोन हातांनी तिला कमरेला धरलं आणि खसकन वर ओढून घेतलं. पकड अशी भक्कम, की तिचे पाय क्षणभर जमिनीवरून सुटले. तिने डोळे गच्च मिटले होते.

“देवासारख्या धावून आलात, ताई,” ती कशीबशी म्हणाली.

हात तसेच कमरेशी होते. तिने डोळे उघडले. शिट्टीताई तळमजल्यावरच होत्या, तोंडाचा आ करून वर बघत. तिने भिंतीकडे पाहिलं. जिथे नवऱ्याला बसवलं होतं, तिथे कुणीच नव्हतं.