उंडीचं आळं

समुद्रकाठच्या एका जुन्या वनस्पती उद्यानातून मी उंडीचं रोप आमच्या नाशिकच्या बागेत आणलं. बारकूदादा माळ्यांनी रीतीप्रमाणे मुळाशी तिथलीच मूठभर माती घातली.

तेव्हापासून आळं दिवसातून दोनदा आपोआप भरतं आणि ओसरतं. पाणी खारट लागतं. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

बारकूदादा पेठच्या डोंगरातले. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. "पाइप फुटला असंल, ताई," ते म्हणाले.

मी सगळे पाइप उकरून पाहिले. धड होते.

आज सकाळी आळं भरलंच नाही. शेजारचा कमळांचा हौदही तळापर्यंत रिकामा झाला होता. बारकूदादा आत उतरून काहीतरी वेचत होते.

"शिंपले हायेत, ताई. लय."

त्या जुन्या उद्यानाच्या फाटकावर त्याचा इतिहास लिहिलाय. तिथली पहिली बाग आता नाही. एका सकाळी समुद्र अचानक दूरवर मागे गेला आणि सगळे माळी शिंपले वेचायला खाली उतरले.

पुढची ओळ मला पाठ आहे.

"दादा, वर या. आधी वर या."

ते उभे राहिले, पण माझ्याकडे बघेनात. मान वळवून ऐकत होते.

"ताई, हा कसला आवाज येतोय?"